भरलेला पेला आणि दोन गाड्या

आमच्या जीपच्या पायरीची जमिनीपासूनची उंची सेहेचाळीस सेंटिमीटर आहे. ही उंची मी मोजली ती माय तिच्यावरून पडल्यानंतर. त्याआधी बावीस वर्षं जीप दारात उभी होती, मी तिचं सगळं मोजत होतो: एका लिटरला किती जाते, टायर किती किलोमीटर टिकले, स्प्रिंगच्या पाट्यांना ग्रीस कधी दिलं. पायरी मात्र कधी मोजली नव्हती.

गेल्या साली हळद शिजवायच्या दिवसांत माय शेतात जायला म्हणून जीपमध्ये चढत होती. एक पाय पायरीवर, एक जमिनीवर, आणि हात सुटला. खुब्याचं हाड मोडलं. नांदेडला ऑपरेशन झालं, खुबा नवा बसवला. तीन महिन्यांनी ती काठी धरून घरात चालायला लागली. डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावून सांगितल्या. गुडघ्यापेक्षा खाली बसायचं नाही आणि हिसका बसू द्यायचा नाही. मी विचारलं, हिसका म्हणजे किती? डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले.

तेव्हापासून वर्षभर मायनं शेत पाहिलं नव्हतं. आमचं शेत गावापासून चार किलोमीटर, त्यातला दोन किलोमीटर सहाशे मीटर डांबरी रस्ता आणि एक किलोमीटर चारशे मीटर चाकोरीची कच्ची वाट. ती रोज विचारायची आणि मी रोज नाही म्हणायचो. जीप विकून टाकावी असंही दोनदा मनात आलं, पण विकली तर शेतात जायचं कशानं?

असं चाललेलं असताना नागपूरहून बहिणीचा फोन आला. दाजींनी नवी गाडी घेतली होती. उघड्या टपाची. बहीण म्हणाली, बटण दाबलं की टप आपोआप मागं जातो, पेटीत बसतो आणि वर झाकण पडतं. दाजींची रस्त्यांची कामं असतात, पन्नाशीत त्यांना ही हौस आली होती. बहीण खूश होती, आणि गाडी म्हसोबाला दाखवायला घेऊन येतो म्हणत होती.

आमच्या घरात अशी रीत आहे की कोणतीही नवी गाडी पहिल्यांदा शेतातल्या म्हसोबापुढं न्यायची, तिथं नारळ फोडायचा आणि घरातल्या वडील बाईनं गाडीला शेंदराचं बोट लावायचं. आजोबांच्या बैलगाडीपासून हे चालत आलेलं आहे. ट्रॅक्टर नेला, जीप नेली, माझी मोटारसायकल नेली. एकदा पाण्याचं इंजिन नेलं होतं, कारण त्यालाही चाकं होती. लेक परक्या घरी गेली तरी तिच्या घरच्या गाडीला ही रीत लागते, असं माय म्हणते.

फोन मायनं माझ्या हातातून घेतला. "आणा गाडी," ती म्हणाली. "पण शेंदूर मी लावणार. आन् म्हसोबापाशीच लावणार, दारात न्हाई." फोन ठेवून माझ्याकडे बघून म्हणाली, "आता कसा न्हाई म्हणतूस ते बघते."

खरं सांगतो, मला राग आला नाही. उलट अंगात वीज आल्यासारखं झालं. वर्षभर मी नुसता नाही म्हणत होतो. आता 'कसं' हा प्रश्न समोर आला होता, आणि कसं हा प्रश्न मोजता येतो. हातात आठ दिवस होते. मी टेप आणि वही घेतली.

पहिल्यांदा मायला मोजलं. उभी असताना गुडघ्याची उंची चव्वेचाळीस. काठी धरून पाय उचलते तो वीसपर्यंत, कारण आमच्या घराचा उंबरा अठराचा आहे आणि तो ती दिवसातून दहा वेळा ओलांडते. वजन एकेचाळीस किलो. "बकऱ्याचं मोजत्यात तसं मोजू नगं," ती म्हणाली, पण सरळ उभी राहिली.

मग जीप. पायरी सेहेचाळीस, आतली जमीन अठ्ठावन्न. पोटाखालची मोकळी जागा बावीस. मग शेतरस्ता पायी चालत मोजला. दोन चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा सगळ्यात जास्त कुठं आहे? ओढ्याच्या अलीकडच्या वळणावर, सतरा सेंटिमीटर. दाजींना फोन करून विचारलं, तुमच्या गाडीचं पोट जमिनीपासून किती वर आहे? त्यांनी पुस्तकात बघून सांगितलं, बारा. मी म्हणालो, मग तुमची गाडी चाकोरीत चालणार नाही. ते हसले. "पाव्हणं, गाडीत दोनशे घोड्यांची ताकद हाय." मी म्हणालो, घोडे दोनशे असले तरी पोट बाराच.

आता हिसका. तो मोजायचा कसा, याचा मी दोन दिवस विचार केला. शेवटी घरातला रुंद तोंडाचा स्टीलचा पेला घेतला, अडीचशे मिलीचा. तो थाळीत ठेवून काठोकाठ भरायचा, थाळी सीटवर ठेवायची आणि गाडी चालवायची. जेवढं पाणी थाळीत सांडेल तेवढा हिसका. सांडलेलं पाणी लेकराच्या औषधाच्या मापानं मोजायचं. डॉक्टरांना हे सांगितलं असतं तर त्यांनी मला वेगळ्या डॉक्टरकडे पाठवलं असतं, पण मला ही गोष्ट पटली होती.

डांबरीवर जीपनं सत्तर मिली सांडलं. चाकोरीवर, आमच्या नेहमीच्या वेगानं, एकशे नव्वद. पेल्यात साठ उरलं. मी त्या साठ मिलीकडे बघत बसलो. एवढ्या वर्षांत आम्ही मायला ह्यातून नेत होतो.

जीप तेवीस वर्षं एकाच मिस्त्रींकडे जाते. त्यांचं दुकान वारंगा फाट्याला आहे. वडिलांपासून हेच काम, वय साठीच्या पुढं. जीपचा आवाज ऐकून कुठला नट ढिला आहे ते सांगतात. मी त्यांना पेल्याची गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत. चाकापाशी बसले, पाट्यांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "भाऊ, ही गाडी माल वाहायला बनवली. खाली, रिकामी, चलती तो उडती. पाट्यांवर वजन टाका, टायरची हवा काढा, लो गियरमध्ये चालवा. मग बघा कशी गायीसारखी चालती."

किती वजन? त्यांनी अंदाजानं सांगितलं, दोन-तीन पोती. हवा? निम्मी. घरी येऊन मी हळदीची पन्नास किलोची तीन पोती मागच्या चाकांच्या बरोबर वर ठेवली, हवा चोवीस पौंडांवरून चौदावर आणली, लो गियर टाकला आणि तासाला चार किलोमीटरनं चाकोरी पार केली. एकवीस मिनिटं लागली. थाळी उचलून बघितली तर तळाशी थोडंसं पाणी. मापात ओतलं, बावीस मिली.

एकशे नव्वदवरून बावीस. मी शेतात एकटाच होतो, तरी मोठ्यानं हसलो. नोंदीत चूक नको म्हणून परत फिरून पुन्हा केलं. चोवीस. तिसऱ्यांदा एकवीस. त्या दिवशी मी जीपकडे वर्षभरानंतर नीट पाहिलं. गाडीचा दोष नव्हता. आम्ही तिला रिकामी पळवत होतो आणि चढायला नीट जागा केली नव्हती.

चढायची सोय डोक्यात होतीच. शेतरस्त्याच्या तोंडाशी माल चढवायचा दगडी ओटा आहे, पंचेचाळीस सेंटिमीटर उंच, मागून उतार असलेला. त्या उतारावरून माय काठी टेकत वर जाईल. ओट्यावरून जीपची जमीन फक्त तेरा सेंटिमीटर वर. उंबऱ्याहून कमी. घरापासून ओट्यापर्यंत तिला दाजींच्या गाडीत आणायचं आणि तिथून पुढं जीपमध्ये, असं मी ठरवलं.

शनिवारी दुपारी बहीण-दाजी आले. गाडीचा रंग शुभ्र, आतल्या सीटा सायीच्या रंगाच्या. गल्लीत गर्दी जमली. दाजींनी बटण दाबलं, मी घड्याळ लावलं. एकोणीस सेकंदात टप नाहीसा झाला. आमच्या जीपचा ताडपत्रीचा टप काढायला दोन माणसं आणि बावीस मिनिटं लागतात, आणि मधे एकदा भांडण होतं. मी हे प्रामाणिकपणे वहीत लिहिलं. दाजींनी डोकावून वाचलं आणि छाती पुढं काढली.

मी थाळी आणि भरलेला पेला घेऊन आलो तेव्हा मात्र त्यांचा चेहरा उतरला. नव्या सीटवर पाणी? बहीण म्हणाली, "पाणीच हाय, ॲसिड न्हाई. ठेवा." ते गाडी अशी चालवत गेले की शेजारून सायकलवाला पुढं निघून गेला. मी त्यांना सांगितलं, नेहमीच्या वेगानं चालवा, नाहीतर मोजण्याला अर्थ नाही. डांबरीवर जाऊन-येऊन किती सांडलं? चार मिली, तेही शाळेजवळच्या गतिरोधकावर. जीपचे सत्तर, हिचे चार. मी खरोखर थक्क झालो. अशी गाडी मी आयुष्यात पाहिली नव्हती आणि तसं दाजींना सांगितलं. ते एवढे खूश झाले की माझ्या वहीचा फोटो काढून घेतला.

एकच अडचण होती. सीटची उंची अडतीस, मायचा गुडघा चव्वेचाळीस. बायकोनं तीन गोधड्या घडी घालून ठेवल्या. मी मोजलं, सत्तेचाळीस झाले. मी पुरे म्हणालो. बायको जाऊन त्यावर बसली. "आता मोजा," ती म्हणाली. बेचाळीस भरले. वजनानं गोधडी दबते हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. चौथी घातली, पाचवी घातली, तेव्हा माणूस बसून सेहेचाळीस आले.

माय ओसरीवर खुर्चीत बसून सगळं बघत होती. शेवटी म्हणाली, "आरं, मी काय पाण्याचा पेला हाव का?"

"न्हाई माय, पण पेला बोलत न्हाई, म्हणून त्याला इचारावं लागतं."

"मी तर बोलून राहिले. मला इचारलंस का येकदा तरी?"

मी रविवारचं वेळापत्रक लिहायला बसलो.

रविवारी सकाळी साडेसातला निघायचं ठरलं. मी पुढं जाऊन जीप ओट्याला अगदी चिकटवून लावून ठेवली आणि मोटारसायकलवर घरी आलो. मायनं हिरवं लुगडं नेसलं होतं, कपाळाला मोठं कुंकू. गोधड्यांच्या गादीवर ती बसली, पाय आत घेतले, काहीही तकलीफ झाली नाही. दाजींनी विचारलं, "टप लावू का? ऊन लागंल." ती म्हणाली, "काहून? उघडी गाडी म्हणून तर आणली ना?"

बायकोला बसवून मी मोटारसायकलवर गाडीच्या मागं होतो, म्हणून मला सगळं दिसलं. तिचा पदर वाऱ्यानं मागं उडत होता आणि मागच्या सीटवर बसलेली बहीण तो दोन्ही हातांनी धरून होती. माय हात वर करून कोणाकोणाला हाक मारत होती. रस्त्यावरची माणसं आधी गाडी बघत आणि मग गाडीत कोण आहे ते बघून थांबत.

गावाबाहेर एक हळद पॉलिश करायचा ड्रम चालू होता. वाळलेली हळकुंडं त्यात घालून फिरवतात, वरची साल झडते आणि पिवळ्या धुराळ्याचा लोट निघतो. आमच्याकडच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. ड्रम दिसला की तो काचा वर करतो. दाजी नागपूरचे. आणि त्यांच्या गाडीचा टप मागं होता, लावायला एकोणीस सेकंद लागतात, आणि वारा पश्चिमेचा, म्हणजे लोट सरळ रस्त्यावर. मी मागून हॉर्न वाजवला. त्यांना वाटलं मी कौतुकानं वाजवतोय, त्यांनी हात हलवला आणि सरळ लोटात शिरले.

बाहेर निघाली तेव्हा गाडी आतून पिवळी होती. सायीच्या सीटा, दाजींचा पांढरा शर्ट, चष्मा, मिशा. माय पदरानं तोंड पुसत एवढी हसत होती की मला तिच्या खुब्याची काळजी वाटली. ती म्हणाली, "जावईबापू, तुमास्नी दुसऱ्यांदा हळद लागली. आता नवरी कोन बघायची?" मागून बहिणीनं सांगितलं की बघून तर बघा. दाजी चष्मा पुसत राहिले आणि मग स्वतःच हसायला लागले.

ओट्यावर सगळं बेतल्याप्रमाणे झालं. माय उतारावरून चढली, तेरा सेंटिमीटरवर पाय टाकला, सीटवर बसली. दाजींना मागं बसायचं होतं. मी त्यांना वजन विचारलं. ब्याण्णव. मग दोन पोती खाली उतरवली आणि त्यांच्या जागी दाजींना बसवलं. आठ किलो कमी भरत होते, ते नारळाच्या पिशवीनं आणि पाण्याच्या कॅननं भरून काढले. बहीण आणि बायको नैवेद्याची दुरडी घेऊन पायी निघाल्या, कारण जीपचा वेग आणि त्यांचा वेग एकच होता. खरं म्हणजे त्यांचाच जास्त होता. वळणावर थांबून बहीण ओरडून विचारायची, डिझेल संपलं का?

समोरच्या फळीवर मी थाळी आणि भरलेला पेला ठेवला होता. मायला बसवलेलं असतानाचा आकडा मला हवा होता. अर्ध्या वाटेपर्यंत पाणी जेमतेम हललं. माय दोन्हीकडं बघत होती, कोणाच्या विहिरीवर नवी मोटर आली, कोणी हळद सोडून केळी लावली. "जरा पळव की," ती म्हणाली. "बैल बी याहून बरे चालत व्हते." मी नाही म्हणालो. तिनं हात पुढं करून पेला उचलला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.

"माय!"

"सांडायच्या आधी पिलेलं बरं," ती म्हणाली. मागं दाजी पोत्यावर बसून हसत होते. माझा आकडा गेला.

ओढा उतरलो, चढलो, उंचवट्याचं वळण गेलं, आणि म्हसोबाच्या लिंबाखाली मी जीप उभी केली. इंजिन बंद केलं. उतरून पलीकडं गेलो, मायचं दार उघडलं आणि तिथंच थांबलो.

इथं ओटा नव्हता.

माय चढताना पडली होती, म्हणून मी आठ दिवस चढण्याचाच विचार केला होता. वहीची तीन पानं भरली होती. उतरण्याचा एकही आकडा त्यात नव्हता. पायरी सेहेचाळीस, आणि माय वीस. चौरंग नाही, फळी नाही, काही नाही. त्याच दाराची तीच पायरी माझ्यासमोर होती.

दाजी म्हणाले, मी उचलतो, एकेचाळीस किलो म्हणजे काय. ते पुढंही झाले. मायनं काठी आडवी धरली.

"उचलून न्यायचं ते येकदाच न्याल. आज मी चालत जाईन."

मी म्हणालो, घरून चौरंग घेऊन येतो, तासभर लागेल. ती माझ्याकडं बघत नव्हती. ती जीपच्या पलीकडं, वाफ्यांकडं बघत होती.

"तो पाण्याचा दांड कोरडा हाय ना?"

होता. हळद काढून झाल्यावर दांडात पाणी कुठलं?

"मग डावीकडची चाकं त्यात घाल. आपली बैलगाडी तशीच लावत व्हतो, पोतं चढवायला. इसरलास व्हय?"

मी विसरलो होतो. किंवा कधी बघितलंच नव्हतं, कारण मी लहानपणी बैलगाडीच्या फेऱ्या मोजत असेन. मी जीप चालू केली, हळूच वळवली, आणि डावीकडची दोन्ही चाकं दांडात उतरवली. दाजी मागून मायच्या खांद्याला धरून होते. गाडी डावीकडं झुकून थांबली. पायरी दांडाच्या काठाशी आली. माझा हात सवयीनं टेपकडं गेला. अठरा. आमच्या घराच्या उंबऱ्याएवढी.

"किती भरलं?" मायनं विचारलं.

"अठरा."

"मला ठावं हाय," ती म्हणाली आणि उतरली. माझ्या खांद्यावर एक हात, काठीवर एक. उजवा पाय आधी टेकला, मग डावा. काळ्या मातीत तिच्या चपला रुतल्या. मग चपला काढल्या आणि म्हसोबाकडं चालायला लागली. मी पावलं मोजली. चौतीस.

नारळ दाजींनी फोडला. मायनं म्हसोबाला शेंदूर लावला, नवी गाडी इथवर येत नाही म्हणून तिच्यासाठी म्हसोबापुढचाच थोडा कागदाच्या पुडीत बांधून घेतला आणि परत येताना एक बोट जीपच्या बॉनेटवर उमटवलं. बहीण म्हणाली, माय, ही गाडी जुनी हाय, हिला लावून झालंय. माय म्हणाली, "ही पाय वाकवायला आजच शिकली."

पलीकडं आमची हळद वाळत घातली होती. तिनं एक हळकुंड उचललं, कानाजवळ नेऊन मोडलं आणि सांगितलं, अजून तीन दिवस. मी दिवस मोजून उद्या गोळा करायचं ठरवलं होतं. तिच्या म्हणण्यानं तीन दिवस ठेवली आणि तिसऱ्या दिवशी मोडून पाहिली तेव्हा आवाज खणखणीत आला.

दाजींच्या गाडीच्या बॉनेटवर तिनं ओट्यापाशी आल्यावर शेंदराचं बोट लावलं. पांढऱ्या रंगावर ते लांबून दिसतं. सीटांमधली हळद नागपूरला दोनदा धुऊनही शिवणीतून गेली नाही, असं ते फोनवर सांगत होते. तक्रार करत नव्हते, वहीत लिहून घ्या म्हणत होते.

सोमवारीच मी मिस्त्रींकडं गेलो. जीपच्या डाव्या बाजूला दोन पायऱ्या जोडून घेतल्या, सोळावर आणि एकतीसवर. बिजागरीच्या, दुमडून वर जाणाऱ्या, कारण चाकोरीच्या कडा काही ठिकाणी सोळाहून उंच आहेत. दीड तासाचं काम होतं. मिस्त्रींनी विचारलं, इतकी वर्षं काहून न्हाई केलं? मी त्यांना सांगितलं की आम्ही मायला विचारलं नव्हतं.

आता ती आठवड्यातून दोनदा शेतात येते. मागं तीन पोती कायमची ठेवली आहेत. वेग मी तिला विचारून वाढवला. सध्या सहावर आहे, आणि ती आठ मागते आहे.